सुलाबाईंची करवंटी

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी मी घोळ घातला, आणि गंमत म्हणजे घोळ झाला तेव्हा मी तिथे नव्हतोच. मी दिंडोरी रोडवरच्या आमच्या दुकानात एका द्राक्षबागायतदाराला पक्षीरोधक जाळी दाखवत होतो. "ही एकदा बागेवर ओढली की पाखरू आत शिरणार नाही, आणि शिरलंच तर सुटणार नाही," असं मी त्यांना छातीठोकपणे सांगत होतो. नेमक्या त्याच वेळी म्हसरूळला, आमच्या सोसायटीच्या बागेत, त्याच जाळीच्या नमुन्याच्या तुकड्यात पाय अडकून एक बुलबुल उलटा लटकत होता. म्हणजे माल उत्तम होता. गिऱ्हाइकाशी इतकं खरं मी आजवर कधी बोललो नव्हतो.

तो तुकडा मीच टांगला होता. आत चरबीचा लाडू होता, तोही मीच वळला होता.

त्याचं असं झालं. मला मोबाईलवर एक व्हिडिओ दिसला. कुठल्याशा बर्फाच्या देशात एक बाई चरबीचे गोळे करून झाडाला टांगते आणि इवले इवले पक्षी येऊन ते टोचून खातात. मागे मंद संगीत. त्या बाईच्या अंगात तीन स्वेटर होते हे मी पाहिलं होतं. त्या स्वेटरांचा आणि चरबीचा काही संबंध असेल, हे मात्र डोक्यात आलं नाही. आमच्या दिंडोरीच्या शाळेत स्वेटर हा विषयच नव्हता.

दुसरं कारण तळमजल्यावर राहत होतं. सुलाबाई. वय सहासष्ट, हॉस्पिटलातून आया म्हणून निवृत्त, नवरा पुंजाराम नोटांच्या प्रेसमधून निवृत्त होऊन नऊ वर्षांपूर्वी गेला. मी नोव्हेंबरात पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो, तेव्हापासून रोज पाहत होतो: उजाडता उजाडता ही बाई शाल गुंडाळून बाहेर येते, आपल्या खिडकीसमोरच्या बकुळीला एक करवंटी टांगते आणि आत जाऊन खिडकीत बसते. नऊच्या सुमाराला बाहेर येऊन करवंटी काढून नेते. एकदा मी विचारलं, "मावशी, काय असतं हो त्यात?" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "बकऱ्याच्या गुर्द्याभोवतीची चरबी. पण गावभर करू नको."

मी गावभर केलं नाही. मी फक्त सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. "आपल्या सुलाबाईंच्या प्रेरणेने मीही आजपासून पक्ष्यांसाठी मटणाच्या चरबीचे लाडू सुरू करत आहे." शेवटी जोडलेले हात आणि एक पोपट.

लाडवात काय होतं तेही सांगून टाकतो, म्हणजे लपवल्यासारखं नको. अर्धी वाटी डालडा. रविवारच्या रश्श्यावर गोठलेली चरबी, तिखटमिठासकट. आणि एक पाकीट खारे शेंगदाणे, त्यातले निम्मे मी खाल्लेले. हा ऐवज जाळीत बांधून मी आठ वाजता बकुळीच्या दुसऱ्या फांदीला लटकवला, फोटो काढला आणि जाळ्या विकायला निघून गेलो. करवंटी नऊला घरात गेली. लाडू तसाच राहिला. बारा वाजता ऊन फांदीवर आलं, आणि लाडू खालच्या तुळशीवृंदावनावर थेंब थेंब उतरू लागला.

एकच्या सुमाराला सुलाबाईंचा फोन आला. "सोमनाथ, तुझं पार्सल आलंय. घरी ये."

मी पोचलो तेव्हा सुलाबाई त्यांच्या उंबऱ्यात बसल्या होत्या. मांडीवर जुन्या धोतराचा तुकडा, त्यात तो बुलबुल. शेपटीखालचा लाल ठिपका तेवढा कोरडा होता, बाकी सगळं तेलात बुडवून काढल्यासारखं. बारीक कात्रीनं त्या एकेक धागा कापत होत्या. ओरडतील म्हणून मी तयारीत होतो. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"धागा ओढायचा नाय," त्या बुलबुलाला सांगावं तशा म्हणाल्या. "आधी पाय धरायचा, मग धागा कापायचा. ओढलं तर पाय धाग्याबरोबर येतो."

"मावशी, मला वाटलं..."

"तुला वाटलं ते मी ग्रुपवर वाचलं."

शेवटचा धागा सुटला. त्यांनी पाखराला धोतराच्या तुकड्यात असं काही गुंडाळलं की त्याचं फक्त डोकं बाहेर राहिलं, आणि ते डोकं गप्प झालं. एकतीस वर्षं त्यांनी बाळांच्या वॉर्डात काढली होती. दीड-दीड किलोची बाळं, काचेच्या पेटीतली. मला एकदम वाटलं की आपणही कधीतरी कुणाच्या तरी हातात असेच गुंडाळलेले होतो, आणि तेव्हाही आपण काहीतरी घोळ घातलेला असणार.

"तुम्ही धुणार याला?"

"मी नाय. चुकीचं धुतलं तर मरंल. आणि असंच ठेवलं तरी मरंल, पिसं चिकटली की ऊब राहत नाय. बुटाचं खोकं आण, भोकं पाड. आणि तेजलला फोन लाव."

तेजल ही जखमी पक्षी सांभाळणाऱ्यांतली मुलगी. ती वीस मिनिटांत स्कूटरवर आली, खोक्यात डोकावली आणि म्हणाली, "हे कुणी केलं?"

"एका शिकलेल्या माणसानं," सुलाबाई म्हणाल्या.

ती खोकं घेऊन गेल्यावर मी बादली आणली. सुलाबाईंनी पाणी गरम करून दिलं, साबण दिला, जुनं फडकं दिलं. वृंदावनाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तू धू. मी हात लावला तर त्याचाही अर्ज यायचा."

एक अर्ज मात्र संध्याकाळी आलाच. जिन्याजवळच्या फळ्यावर शामसुंदरकाकांच्या वळणदार अक्षरात कागद लागला: "रविवारी सकाळी दहा वाजता पार्किंगमध्ये सभा. विषय: सामाईक बागेतील मांसजन्य पदार्थ कायमचे बंद करणे." शामसुंदरकाका आमचे सेक्रेटरी. घराणं त्र्यंबकेश्वरचं, भाऊ अजून तिथे यात्रेकरूंच्या पूजा सांगतात. काका स्वतः आयुष्यभर बँकेत होते, पण पार्किंगच्या नियमांबद्दलही ते संकल्प सोडल्यासारखे बोलतात. त्यांच्या सौ., सुमेधाकाकू, रोज सकाळी त्याच बागेतली जास्वंद आणि तुळस पूजेला नेतात. बावीस वर्षं बकुळीवर करवंटी होती, आणि बावीस वर्षांत तिच्यात काय आहे ते काकांनी विचारलं नव्हतं, सुलाबाईंनी सांगितलं नव्हतं. हे असं छान चाललेलं होतं. मग माझा पोपट आला.

मी कागदाचा फोटो सुलाबाईंना दाखवायला गेलो, तर त्यांनी तो आधीच वाचला होता.

"माझं नाव नाय घातलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "सभ्य माणूस हाय."

"मावशी, माझं चुकलं."

"चुकलंच. त्यात विचारायचं काय?" मग म्हणाल्या, "करवंटी गेली तर गेली. पण मग सकाळी मी काय करू, ते तेवढं मला कळत नाय."

ते त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या. मी विचारलं, "रविवारपर्यंत टांगणार ना?"

"रविवारपर्यंत बंदी नाय. येतोस का बघायला? कसं करतात ते तरी शीक."

म्हणून बुधवार ते शनिवार, चार सकाळी, मी त्यांच्या खिडकीत बसलो. त्या चार सकाळी मला सलग आठवत नाहीत, एकच लांब सकाळ असल्यासारख्या आठवतात. बाहेर धुकं. लेण्यांचा डोंगर असायचा तिथे नुसतीच एक मऊ जागा. बकुळ अर्धी दिसायची, अर्धी असणार असं समजून घ्यायची. खोलीत चुलीची नसली तरी गॅसवरच्या चहाची ऊब, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या खाली कोनाड्यात खोबरेल तेलाची बाटली. उठल्या उठल्या सुलाबाई ती बाटली हातात घेऊन उलटी करायच्या. आतलं पांढरं हललं नाही की करवंटी बाहेर जायची.

"हे माझं थर्मामीटर," त्या म्हणाल्या. "खोबरेल घट्ट तर चरबी घट्ट. नऊच्या सुमाराला बाटलीत कडेनं पाणी सुटायला लागतं. ते सुटलं की करवंटी आत. एकदा का सकाळी बाटली हलायला लागली, म्हणजे त्या वर्षाची चरबी संपली. मग नुसतं पाणी ठेवायचं, परातीत, उथळ."

"आणि माझा लाडू?"

"तुझा लाडू डालड्याचा. डालडा मऊ. पाखराच्या छातीला लागला की पिसात शिरतो. त्यात तुझं रश्श्याचं मीठ." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला रश्श्यात जाळीत बांधून ठेवलं तर कसं वाटंल?"

त्यांची रीत साधी होती. खाटकाकडून गुर्द्याभोवतीची कडक चरबी आणायची. मंद आचेवर वितळवायची, फडक्यातून गाळायची. बाजरीचं जाडं पीठ घालायचं, बिनमिठाच्या शेंगदाण्यांचा कूट घालायचा, अख्खा दाणा नको, पिलांच्या घशात अडकतो. करवंटीत ओतून गार करायचं. आत आणल्यावर उरलेलं काढून टाकायचं आणि करवंटी उकळत्या पाण्यानं धुवायची, नाहीतर एकाचा रोग सगळ्यांना. आणि भरायची तीही अर्धीच.

"पोट भरणं त्यांचं काम," सुलाबाई म्हणाल्या. "आपण फक्त थंडीत एक कप चहा पाजायचा."

हे सगळं त्यांना शिकवलं होतं हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरीणबाईंनी. त्या विलायतेत शिकून आल्या होत्या आणि क्वार्टरच्या बागेत तिकडच्यासारखे चरबीचे गोळे टांगायच्या. पहिल्या वर्षी त्यांनी ते एप्रिलात टांगले. "सगळी भिंत ओघळली. चुना वाया गेला. मुंग्या तर विचारू नको," सुलाबाई हसून म्हणाल्या. "तेव्हा तूच पहिला येडा नायस. पण त्या एमडी होत्या."

मग पक्षी यायचे. धुक्यातून येताना त्यांना आवाज नसायचा. नसलेल्या फांदीवर एकाएकी कुणीतरी असायचं. सुलाबाईंची त्यांना नावं होती, पण ती पुस्तकातली नव्हती, वॉर्डातली होती. छोटे हिरवे चष्मेवाले आले की त्या म्हणायच्या, "जुळी आली." एक दयाळ यायचा, शेपटी उभी करून, एकटा, तो म्हणजे राउंडला आलेले डॉक्टर. साळुंक्या म्हणजे सुनेबरोबर आलेल्या सासवा. आणि कावळा? "तो भेटायची वेळ संपल्यावर येणारा नातेवाईक," त्या म्हणायच्या, आणि खिडकीच्या गजावर चमचा वाजवायच्या. नातेवाईक शहाण्यासारखा निघून जायचा.

आणि कधी कधी काहीच यायचं नाही. दहा-दहा मिनिटं करवंटी एकटीच हलायची. तरी त्या पाहतच राहायच्या. मी एकदा म्हटलं, "मावशी, टांगून तुम्ही झोपलात तरी ते खातीलच की."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"वॉर्डात एक बाळ होतं. उबेला वर बल्ब लावायचो तेव्हा. मी चहाला गेले. पाचच मिनिटं. परत येते तर बल्ब खाली घसरलेला आणि बाळाची पाठ लाल. वाचलं ते. आता पंचवटीत कुठंतरी बायकापोरांत असंल. त्याला ठाऊकही नसंल." बाहेर दयाळ आला होता, त्याच्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "तेव्हापासून जिथं मला दिसत नाय तिथं मी काही टांगत नाय. पाय अडकतो, मांजर येतं, ऊन येतं. खायला घालायचं तर बघत बसायचं. नायतर घालू नये."

माझा लाडू टांगून मी दुकानात गेलो होतो. हे त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर, पुन्हा, बरं झालं असतं.

रविवारी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. काकांनी कागद वाचला. सामाईक बाग, सर्वांच्या भावना, तुळशीवर पडलेले थेंब, पक्ष्याला झालेली इजा. वाचून झाल्यावर म्हणाले, "व्यक्तीविरुद्ध काही नाही. पदार्थाविरुद्ध आहे."

मी उभा राहिलो. घरमालक दुसऱ्याच रांगेत बसले होते, त्यांच्याकडे न पाहता बोललो. "काका, थेंब माझे आहेत. जाळी माझी, लाडू माझा, पक्षी मी अडकवला. सुलाबाईंच्या करवंटीचा यात काही संबंध नाही. ग्रुपवरही मीच टाकलं, त्यांनी नको म्हटलं असताना."

"तुम्ही भाडेकरू आहात. बसा."

"बसतो. पण थेंब माझेच आहेत."

कुणीतरी मागून म्हणालं, "भाडेकरूचे थेंब धरायचे का नाही?" आणि दोन-चारजण हसले. काका हसले नाहीत. "ठीक. थेंब तुमचे. पण करवंटीत चरबी आहे की नाही?"

सगळ्यांनी सुलाबाईंकडे पाहिलं. त्या शेवटच्या खुर्चीवर शाल घेऊन बसल्या होत्या. "हाय," त्या म्हणाल्या. "बकऱ्याची. पयल्या दिवसापासून. खाली सांडलेली कुणी बघितली असंल तर सांगा."

कुणी बघितली नव्हती. मग बोलल्या त्या सुमेधाकाकू.

"मला माहीत होतं."

काका वळले. "काय माहीत होतं?"

"चरबी असते ते. मी सहाला फुलं काढायला जाते, सुलाबाई तेव्हाच टांगत असतात. मला काय नाक नाही?"

"बावीस वर्षं माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कुठे विचारलंत?" काकू म्हणाल्या. "तुम्ही रोज पूजेला बसल्यावर म्हणता, काय सुंदर गातोय गं तो पक्षी. मी म्हणते, हो. तो काय तुमच्या आरतीला येतो?"

या वेळी सगळेच हसले, घरमालकसुद्धा. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. माणूस वाईट नाही. पण हसू थांबल्यावर त्यांना काहीतरी ठरवावंच लागणार होतं, आणि त्यांनी ठरवलं: बंदी नाही, पण तुळशीजवळ नको. करवंटी बागेच्या त्या टोकाला, कुंपणाजवळच्या शेवग्यावर टांगावी. सर्वानुमते मंजूर. टाळ्यासुद्धा पडल्या. मीही वाजवल्या. आपण जिंकलो असं मला खरंच वाटलं.

सोमवारी सकाळी मी खाली आलो तर शेवग्यावर काही नव्हतं. बकुळीवरही नव्हतं. सुलाबाई आत बसून भाजी निवडत होत्या. खिडकी लावलेली.

"मावशी, करवंटी?"

"शेवगा इथनं दिसतो का तुला?"

मी खिडकी उघडून पाहिलं. दिसत नव्हता. जिन्याची भिंत मधे येत होती.

"तिथं खुर्ची टाकून बसा ना."

"तीन तास? थंडीत? या गुडघ्यांवर?" त्यांनी मेथीची जुडी उचलली. "त्यांनी बंदी नाय केली, त्यांचे उपकार. पण मला दिसत नाय तिथं मी टांगणार नाय. सांगितलं ना तुला."

दोन दिवस तसेच गेले. धुकं होतं, खोबरेल घट्ट होतं, आणि बकुळीवर जुळी येऊन फांदीच्या त्या मोकळ्या जागेकडे पाहून जात होती. दयाळ येऊन शेपटी उभी करायचा आणि कुणीच पेशंट नाही असं पाहून निघून जायचा. मी सकाळी गॅलरीत उभा राहून पाहायचो. एरवी या वेळी मी झोपलेला असायचो. आता झोप येत नव्हती आणि जाग आल्यासारखंही वाटत नव्हतं.

बुधवारी सकाळी तेजल खोकं घेऊन आली. बुलबुल धुऊन, वाळून, खाऊन-पिऊन तयार होता. मला पाहून त्यानं मान वळवली ती ओळखीनं असावी. सुलाबाई बाहेर आल्या. तेजलनं पार्किंगमध्ये खोकं उघडलं. एक क्षण काहीच झालं नाही. मग एक भुर्रकन आवाज, आणि तो धुक्यातून वर जाऊन शेवग्यावर बसला. तिथे त्यानं पंख झटकले, पायानं मान खाजवली, या फांदीवरून त्या फांदीवर गेला, खाली वाकून पाहिलं, वर पाहिलं. काहीतरी असायला हवं होतं असं त्याच्याकडे पाहून वाटत होतं. मग उडून गेला.

वर दुसऱ्या मजल्यावर एक खिडकी उघडी होती. सुमेधाकाकू गजांना धरून उभ्या होत्या. शेवगा त्यांच्या खिडकीला अगदी लागून आहे, हाताच्या अंतरावर. काकांनी तुळशीपासून लांबची जागा शोधली, आणि ती नेमकी स्वतःच्या देवघराच्या खिडकीसमोर निघाली. हे मोजायचं सभेत कुणालाच सुचलं नव्हतं.

काकू खाली आल्या. सुलाबाईंच्या दारापर्यंत आल्या आणि उंबऱ्याच्या बाहेर थांबल्या.

"सुलाबाई, करवंटी का नाही लावत?"

"बघायला कोण हाय तिथं, ताई?"

"मी आहे ना. माझ्या खिडकीतून दिसतं."

"बघावं लागतं बरं का. नुसतं असून नाय चालत. कावळा आला तर चमचा वाजवायचा. मांजर आलं तर..."

"मांजराला मी काय करायचं?"

"ओरडायचं."

"ते मला येतं," काकू म्हणाल्या. "यांना विचारा."

गुरुवारपासून करवंटी शेवग्यावर. सहाला सुलाबाई टांगून यायच्या, मग वरच्या खिडकीत काकू, हातात जपमाळ आणि चमचा. आठवडाभर वरून बातम्या यायच्या: "सुलाबाई, तीन चष्मेवाले!" "जुळी हायेत ती, तिसरी पाहुणी असंल!" मधल्या मजल्यावर मी, दात घासता घासता या दोन आवाजांच्या मधे उभा. ऊन आलं की काकू हाक मारायच्या, सुलाबाई जाऊन करवंटी काढायच्या. काका या काळात पूजा जरा मोठ्यानं करायचे, पण खिडकी बंद करा असं म्हणाले नाहीत.

मग एका सकाळी सुलाबाईंना पेन्शनच्या कामाला लवकर जावं लागलं. रांग लांबली. साडेनऊ झाले. मी दुकानाला निघत होतो, तेव्हा मला पार्किंगमधून एक मिरवणूक येताना दिसली. एकाच माणसाची. सुमेधाकाकू. हात अंगापासून जितका लांब जाईल तितका लांब, त्या हातात सांडशी, आणि सांडशीच्या तोंडात करवंटी. भगुल्यातलं उकळतं दूध घेऊन चालावं तशा त्या पाऊल मोजत येत होत्या. डोकं एका बाजूला वळवलेलं. चरबी कडेनं नुकती चकाकायला लागली होती.

"काकू, द्या, मी नेतो."

"हात लावू नकोस. हलेल."

नेमक्या तेव्हाच सुलाबाई रिक्षातून उतरल्या. दोघी दाराशी समोरासमोर आल्या. काकूंनी सांडशी पुढे केली, सुलाबाईंनी करवंटी खालून दोन्ही हातांत घेतली.

"बाटली बघितली मी आमची," काकू म्हणाल्या. "पातळ व्हायला लागलं होतं. तुम्ही नव्हता."

"सांडशी धुऊन देऊ का?"

"राहू दे. घरी धुते." मग त्या म्हणाल्या, "एक थेंबही नाही पडला."

"बघितलं मी," सुलाबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून ती सांडशी शेवग्याच्या खोडाला एका खिळ्यावर टांगलेली असते. काकूंनी घरात दुसरी आणली. काकांना विचारलं तर म्हणतात, जुनीची पकड सैल झाली होती.

दोन दिवसांनी काकूंनी माझ्या हातात एक गोल स्टीलचा डबा दिला. रव्याचे लाडू, पाच. "खाली सुलाबाईंना दे." मी डबा घेऊन गेलो. सुलाबाईंनी तो हातात घेतला, झाकण उघडलं, वास घेतला, आणि आतले लाडू मोजले.

"बावीस वर्षांत पयल्यांदा डबा आलाय वरनं," त्या म्हणाल्या. मग मला दोन लाडू दिले आणि स्वतः एक घेऊन खिडकीत बसल्या. "बघ. हे असे वळतात लाडू. पाहून घे."

डबा धुऊन त्यांनी फळीवर उपडा ठेवला. आणि तिथेच पंचाईत सुरू झाली, कारण आलेला डबा रिकामा परत पाठवत नाहीत, आणि त्यात काय भरावं हे काही त्यांचं ठरेना.

"शेंगदाण्याचे लाडू करते," एक दिवस म्हणाल्या.

"करा की."

"आणि नाय खाल्ले तर?"

"काकू खातील."

"काकू खातील. पण डबा घरात जाणार ना? घरात काका हायेत, देव हायेत." पुढच्या आठवड्यात नारळाच्या वड्यांचं ठरलं, मोडलं. मग नुसती साखर भरून द्यावी असं निघालं. "साखरेला कोण काय म्हणणार?" दुसऱ्या दिवशी त्यांनाच ते पटेना. "साखर काय माझ्या हातची हाय? ती दुकानातली. मग डबा माझ्याकडं आला कशाला?"

एव्हाना मार्च सरत आला. सकाळी खोबरेल बाटलीत हलतं. करवंटी उकळून, वाळवून, फडक्यात बांधून कपाटात गेली, आणि बकुळीखाली उथळ परातीत पाणी आलं. परातीला कुणाची हरकत निघाली नाही. आता तिथे दुपारी साळुंक्या आंघोळ करतात, सगळ्या सासवा एकदम, आणि सुलाबाई पुन्हा आपल्या खिडकीतून पाहतात. धुक्याऐवजी ऊन, पण ऊनही इतकं पांढरं असतं की पाहता पाहता डोळे मिटतात, आणि मिटल्यावरही पाण्याचा आवाज येत राहतो.

परवा जिन्यात सुमेधाकाकू भेटल्या. हातात पिशव्या होत्या. दोन पायऱ्या चढून वळल्या.

"सोमनाथ, माझा गोल डबा आहे ना सुलाबाईंकडे?"

"हो काकू. आणू?"

"नको. घाई नाही." अजून एक पायरी चढल्या. "पण रिकामा नको म्हणावं. रिकामा मी घ्यायची नाही."

मी तसाच खाली गेलो आणि शब्दन् शब्द सांगितला. सुलाबाईंनी डबा फळीवरून काढला. पदरानं पुसला. झाकण उघडून आत पाहिलं, जणू तिथेच काहीतरी लिहिलेलं असावं. मग मला म्हणाल्या, "काकाही होते का बरोबर?"

"नव्हते."

"हं."

त्यांनी झाकण लावलं आणि डबा परत फळीवर ठेवला, या वेळी उपडा नाही, सुलटा.

"उद्या बघते," म्हणाल्या.

आज तिसरा दिवस. डबा तिथेच आहे.